गावात एकच लोहार

अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यातल्या एका खांबावर, रंगवलेल्या आकृतीच्या अंगावरच, एका माणसाने आपलं नाव कोरून ठेवलं आहे. जॉन स्मिथ. तारीख 28 एप्रिल 1819. अक्षरं आता पुसट झाली आहेत आणि आपल्या डोक्याच्या वर आहेत. तो आला तेव्हा लेण्यात दगडमातीचा ढीग साचलेला होता आणि साहेब त्या ढिगावर उभा होता. वाघाच्या शिकारीला निघालेला हा मद्रास फौजेतला कॅप्टन. लेण्यात शिरल्यावर आधी नाव कोरायचं, ही हौस आपल्या ओळखीची आहे. किल्ल्यांच्या भिंतींवर बदामात बाण काढणारे त्याचेच वारस. पण नाव अमर करायला निघालेल्या माणसाचं नाव जॉन स्मिथ असावं ही त्यातली खरी गंमत. इंग्रजीत जॉन स्मिथ म्हणजे कुणीही. हॉटेलच्या वहीत खरं नाव द्यायचं नसलेल्या जोडप्याने ‘मिस्टर आणि मिसेस स्मिथ’ लिहावं, हा तिकडचा इतका घासून गुळगुळीत झालेला विनोद आहे की आता त्यावर कुणी हसतही नाही.

आपल्याला हे आडनाव क्रिकेटमुळे पाठ. ऑस्ट्रेलियाचा स्टीव्ह, दक्षिण आफ्रिकेचा ग्रॅमी, इंग्लंडचा रॉबिन, न्यूझीलंडचा इयान. आणि बार्बाडोसहून येऊन मुंबई इंडियन्सकडून खेळलेला ड्वेन. जिथे जिथे इंग्रज गेले तिथे तिथे स्मिथ आहेत.

अर्थ सोपा आहे, लोहार. जुन्या इंग्रजीत धातू घडवणारा तो स्मिथ. शेजारच्या नॉर्स भाषेत लाकूड घडवणाऱ्यालाही तोच शब्द चाले. अर्थ कळला की आपण चटकन म्हणतो, म्हणजे जुन्या इंग्लंडात लोहार फार असणार. मीही बरीच वर्षं असंच समजत होतो. खरं कारण नेमकं उलटं असावं असं आता वाटतं.

इंग्लंडात पूर्वी माणसाला एकच नाव असे. 1066 साली नॉर्मन आले, त्यानंतर आडनावं हळूहळू रुजत गेली. आधी जमीनदारांत, मग शहरांत, मग खेड्यांत. 1400 च्या सुमाराला बहुतेक घराण्यांना आडनाव चिकटलेलं होतं. आता त्या काळातलं एखादं खेडं डोळ्यांसमोर आणा. कर वसूल करणारा कारकून वही उघडून बसला आहे आणि गावात जॉन आहेत पाच. एक टेकडीपाशी राहतो, तो हिल. एक रॉबर्टचा मुलगा, तो रॉबर्टसन. तिसऱ्याला काय म्हणायचं? नांगर धरणारा जॉन? पण नांगर तर सगळेच धरतात, त्याने ओळख पटत नाही. भात्यापाशी उभा असलेला जॉन मात्र गावात एकटाच. नांगराचा फाळ मोडला, घोड्याचा नाल निसटला, दाराची बिजागरी तुटली की सगळा गाव त्याच्याच दारात. त्याला लोहार म्हटलं की संपलं. असा एकेक माणूस हजारो गावांत होता आणि त्यांची बेरीज म्हणजे आजचे स्मिथ. प्रत्येक गावात जो एकटा होता, त्याचं नाव देशात सर्वांत जास्त झालं.

शहरात लोहार पुष्कळ, तिथे नुसतं लोहार म्हणून भागेना. बाणांची टोकं घडवणारा ॲरोस्मिथ झाला, घोड्याचे नाल करणारा शूस्मिथ. सिक्सस्मिथ ऐकून सहा लोहार आठवतात, पण तो बिचारा विळे करणारा.

पण आडनाव टिकलं कसं? लोहाराचा मुलगा खाटीक झाला, नातू पाद्री झाला, तरी नाव स्मिथच राहिलं. धंदा सुटला आणि नाव मोकळं झालं. ॲडम स्मिथचे वडील स्कॉटलंडमधल्या कर्कॉल्डी गावात जकातखात्यात अधिकारी होते, ऐरणीशी त्यांचा काही संबंध नव्हता. आणि या लोहार आडनावाच्या प्राध्यापकाने 1776 सालच्या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात लोहारांचे खिळे मोजले आहेत. खिळे करायची सवय नसलेला साधा लोहार दिवसाला दोन-तीनशे खिळे करतो, तेही वाईट. अधूनमधून करणारा आठशे ते हजार. आणि दुसरं काहीच न शिकलेली, विशीच्या आतली पोरं तेवीसशेच्या वर. श्रमविभागणी समजावायला त्याने हा दाखला घेतला, तेव्हा आपल्या आडनावाचा विचार त्याच्या मनात क्षणभर तरी डोकावला असेल का? मजकुरावरून तरी तसं दिसत नाही.

इतकं सामान्य झालेलं नाव काहींना नकोसं होई. ह्यू स्मिथसन नावाच्या सरदाराच्या बायकोकडे पर्सी या बड्या घराण्याचा वारसा आला. त्याने 1750 साली पार्लमेंटचा कायदा करवून स्वतःचं नाव पर्सी करून घेतलं आणि पुढे तो नॉर्थम्बरलंडचा ड्यूक झाला. त्याचा एक मुलगा विवाहबाह्य संबंधातला, त्यामुळे पर्सी नावावर त्याचा हक्क नव्हता. आईचं नाव लावून तो वाढला आणि 1800 साली आई गेल्यावर त्याने बापाने टाकून दिलेलं नाव उचललं: जेम्स स्मिथसन. अमेरिकेत त्याने कधी पाऊल ठेवलं नाही. पुतण्याच्या पश्चात आपली संपत्ती अमेरिकेला जावी आणि तिथे आपल्या नावाची ज्ञानसंस्था उभी राहावी, असं मात्र मृत्युपत्रात लिहून ठेवलं. वॉशिंग्टनमधली स्मिथसोनियन संस्था 1846 साली स्थापन झाली ती त्या पैशातून. पर्सींचे वाडे आजही आहेत, पण जगाला ठाऊक आहे ते लोहाराच्या पोराचं नाव.

अमेरिकेच्या 2010 च्या जनगणनेत स्मिथ निघाले 24 लाख 42 हजार 977. त्यांच्यात साधारण चौथा हिस्सा कृष्णवर्णीयांचा. त्यांच्या पूर्वजांपैकी अनेकांना हे नाव मळेवाल्यांच्या सावलीत मिळालं, अनेकांनी स्वातंत्र्यानंतर स्वतः निवडलं. पहिल्या महायुद्धात जर्मन नाव मिरवणं धोक्याचं झालं, तेव्हा कित्येक श्मिट रातोरात स्मिथ झाले. अर्थ तोच, लोहार, पण ते कुणी अर्थासाठी केलं नव्हतं. गोव्यात बाप्तिस्म्याबरोबर अनेकांना पोर्तुगीज आडनाव मिळालं, त्यातलं फेरेरा लोखंडाच्या खाणीशी-भट्टीशी नातं सांगतं. म्हापशाच्या फेरेराला त्याची खबर असायचं कारण नाही.

मग मन आपसूक आपल्याकडे वळतं. आपल्या बारा बलुतेदारांतही लोहार होताच. उन्हाळ्यात फाळ शेवटायला, विळ्या-कोयत्यांना पाणी द्यायला सगळं शिवार त्याच्याकडे यायचं, सुगीला त्याला बलुतं मिळायचं. कोल्हापूर-सांगलीकडे लोहार आडनाव आजही ठिकठिकाणी भेटतं. पण इथे लोहाराच्या पोराने लोहारच व्हायचं होतं. धंदा जन्माला बांधलेला, म्हणून नावही धंद्यापासून सुटलं नाही. स्मिथचा अर्थ झिजून गेला. लोहारचा अर्थ अजून गरम आहे, हात लावला की चटका बसतो. म्हणून कित्येकांनी आडनाव बदललं, गावाच्या नावाला ‘कर’ लावून घेतला.

आता कुणी म्हणेल, कुलकर्णी हाही हुद्दाच की. आहेच. कुलकर्णी वतनं रद्द करणारा कायदा 1950 साली झाला, पाटीलकी 1962 च्या कायद्याने गेली. दप्तर गेलं, पण नावाचा रुबाब राहिला. माझ्या ओळखीचे एक लोहार आडनावाचे गृहस्थ बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहेत. नवा माणूस भेटला की दहा मिनिटांच्या आत विषय निघतो: ‘म्हणजे तुमच्याकडे पूर्वी भाता वगैरे असेल ना?’ ते हसून ‘आजोबांपर्यंत होता’ म्हणतात आणि फाइल पुढे ओढतात. शेजारच्या टेबलावरच्या कुलकर्ण्यांना गावाचं दप्तर कुठे ठेवलंत, असं त्यांच्या सगळ्या नोकरीत कुणी विचारलेलं नाही.