काल आणि प्रमथ

भरताच्या नाट्यशास्त्रात प्रत्येक रसाला एक वर्ण आणि एक अधिदैवत नेमून दिलेले आहे. त्या वाटणीत भयानकाला काळा वर्ण आणि काल हे दैवत मिळाले, यात नवल वाटण्याचे कारण नाही. परंतु शुभ्र वर्णाच्या हास्यरसाचे स्वामित्व ज्यांच्याकडे सोपविले गेले ते प्रमथ, म्हणजे शंकराच्या मागेपुढे नाचणारे, वेड्याविद्र्या अंगांचे, स्मशानात रमणारे भूतगण आहेत, हे वाचताना मनुष्य थबकतो. हसण्याचा कारभार भुतांकडे का द्यावा? भयपटांचा आणि तऱ्हेवाईक विनोदी चित्रपटांचा मी जुना प्रेक्षक आहे, आणि या दोन आवडी एका मनुष्याच्या ठायी कशा नांदतात असे स्नेही मंडळी विचारू लागली की मी प्रमथांचा हवाला देतो. त्याने त्यांची खातरजमा होत नाही, ही गोष्ट वेगळी.

पदरचे पैसे मोडून भय विकत का घ्यावे, हा प्रश्न आपल्याकडे नाट्यशास्त्राचा भाष्यकार अभिनवगुप्त याने सहस्र वर्षांपूर्वी अतिशय बारकाईने हाताळला. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात दुष्यंताच्या रथापुढे जीव घेऊन पळणाऱ्या हरिणाचा दाखला घेऊन तो सांगतो की, त्या वेळी रसिकाला जे भय प्रतीत होते ते ‘मी भ्यालो’ असे नसते, आणि ‘ते हरिण भ्याले, ते माझ्या मित्राचे की शत्रूचे’ असेही नसते. स्थळ, काळ आणि व्यक्ती यांच्या हद्दी ओलांडून गेलेले ते निखळ भय असते, आणि म्हणूनच ते आस्वाद्य होते. या कसोटीला आजचे बहुसंख्य भयपट उतरत नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे. अंधारात अकस्मात दार आदळते, वाद्यमेळ कानठळ्या बसवितो, आणि प्रेक्षक खुर्चीचे हात घट्ट धरतो. त्या क्षणी तो स्वतःच्या शरीराइतका दुसऱ्या कशाचाही विचार करीत नसतो. स्वतःच्या सुखदुःखात गुंतून पडणे हे रसास्वादातील एक विघ्न म्हणून अभिनवगुप्ताने नोंदविलेले आहे, आणि आपले दिग्दर्शक नेमके तेच विघ्न मोठ्या खर्चाने उभे करतात.

याला सन्माननीय अपवाद म्हणून राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ (२०१८) या हिंदी चित्रपटाचे नाव मी घेईन. सुवर्ण आणि धान्य या दोहोंचा लोभ धरणारा, आदिमातेचा पहिला पुत्र हस्तर याला देवांनी नष्ट केले असते. परंतु आईने त्याला उदरात आसरा दिला, आणि त्याची पूजा कोणी कधीही करावयाची नाही या अटीवर तो वाचला. चित्रपटाचा नायक विनायकराव त्या उदरात दोर सोडून उतरतो, पिठाचे रिंगण आखून पिठाची बाहुली पुढे टाकतो, आणि भुकेला हस्तर तिच्यावर तुटून पडला की त्याच्या लंगोटातील मोहरा हिसकावून वर येतो. चित्रपटाचा कर्ता हे सर्व लोभाची कथा म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच; परंतु मला त्यात एका निषिद्ध उपासनेची कथा अधिक दिसते. देवांनी ज्याची पूजा बंद केली त्याच्यापुढे हा एकटा मनुष्य वर्षानुवर्षे नेमाने नैवेद्य ठेवतो, प्रसाद घेतो, आणि अखेर पोटच्या पोराला ही दीक्षा देतो; तो मुलगा सरावासाठी लहानशा रिंगणात उभा राहतो, तेव्हा पडद्यावर हस्तर नसतो, कसलाही आवाज नसतो, आणि तरीही जे भय दाटून येते ते हरिणाच्या जातीचे असते.

अभिनवगुप्ताचे आणखी एक मत येथे उपयोगी पडते: औचित्य सुटले की कोणत्याही रसाचा आभास होतो, आणि तो आभास हास्याला जन्म देतो. फसलेल्या भयपटाला चित्रगृह खदखदून हसते त्याची मीमांसा यात आली. महेश कोठारे यांनी ‘झपाटलेला’ (१९९३) काढताना हे औचित्य जाणूनबुजून मोडले. तात्या विंचू या गुंडाचा आत्मा रामदास पाध्ये यांनी घडविलेल्या बाहुल्यात शिरला, आणि एका खेळाला मुले भेदरून आईला बिलगली तर त्याच ओळीतील वडील मंडळी हसून बेजार झाली.

पण रसशास्त्राने येथवरच पोचता येते. पुढचा प्रश्न धर्माचा आहे. प्रेक्षकाला भय आणि हास्य दोन्ही परवडतात, कारण त्याला खुर्ची आहे, आणि पडद्यावर मरणारा कोणी दुसरा आहे. ही खुर्ची काढून घेतली तर? गीतेच्या अकराव्या अध्यायात हाच प्रयोग झालेला आहे. अर्जुनाने स्वतः दरखास्त केली की तुझे ऐश्वर्यरूप मला पाहावयाचे आहे. त्याला दिव्य चक्षूही मिळाले, आणि मग दिसले ते धगधगत्या मुखांत शिरणारे योद्धे, त्यांत त्याचे आजोबा आणि गुरू. आपण कोण आहात असे विचारले असता समोरचे ते रूप आपली ओळख काल म्हणूनच देते. ज्ञानेश्वरांनी या अध्यायात शांत आणि अद्भुत यांचा मिलाफ पाहिला. परंतु थरथरणाऱ्या अर्जुनाच्या बाजूने पाहिले तर तेथे भयानक आहे, आणि तोही रस म्हणून नव्हे, प्रत्यक्ष. अशा वेळी या महावीराला आठवते काय? खेळताना, निजताना, जेवताना, एकान्तात किंवा चारचौघांत आपण या सख्याची जी थट्टा केली, ती! तिच्याबद्दल तो क्षमा मागतो, आणि ते सौम्य रूप परत दाखव अशी विनवणी करतो. थट्टा साधली होती ती समोर कोण आहे याचा पत्ता नसल्यामुळे. पत्ता लागताच हसू विझले. भक्ताची ही हद्द आहे, आणि ती प्रामाणिकपणे सांगितली गेली याबद्दल मला व्यासांचे फार कौतुक वाटते. प्रमथांची गोष्ट निराळी. ते कालाच्या अंगणातच राहतात, त्यांना दिव्य चक्षूही नको आणि खुर्चीही नको, आणि सर्व माहीत असूनही ते हसतात; हास्याचे स्वामित्व त्यांच्याकडे का गेले याचा मला लागलेला अर्थ हा.

मनुष्यकृत विनोदाने त्या अंगणाच्या कुंपणापर्यंत जाण्याचा जो धीट प्रयत्न केला, तो मी कुंदन शाह यांच्या ‘जाने भी दो यारों’ (१९८३) मध्ये पाहिला. डिमेलो नावाच्या लाचखाऊ आयुक्ताचे प्रेत घेऊन दोन भाबडे छायाचित्रकार मुंबईभर धावतात, आणि शेवटी ते प्रेत महाभारताच्या नाट्यप्रयोगात द्रौपदीच्या लुगड्यात उभे राहते. मृतदेहाची एवढी विटंबना आणि सभ्य माणसे पोट धरून हसत आहेत, याला अधर्म म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही. इतकेच म्हणेन की त्या रंगमंचावर जिवंत आहेत त्यांच्यापेक्षा ते प्रेतच अधिक निरपराध दिसते. मात्र हास्याला तेथे मुक्काम करण्याची मुभा मिळत नाही. सर्व गुन्हेगार आपसांत तडजोड करतात, पूल कोसळल्याचा आरोप त्या दोघांच्या माथी येतो, आणि कैद्यांच्या वेषात रस्त्याने चालता चालता ते थांबून सरळ प्रेक्षकाकडे पाहतात व गळा चिरल्याची खूण करतात. ती खूण त्यांच्या गळ्याविषयी आहे की आपल्या, याचा खुलासा दिग्दर्शकाने केलेला नाही.