पंधरा दिवसांची मुदत

१९७२च्या दुष्काळात महाराष्ट्राने खडी फोडली. रणरणत्या उन्हात हातोडी घेऊन बसलेल्या बाया, हजेरीपटावर उठणारे अंगठे, वाटपाची सुकडी, मिलोची लाल ज्वारी. वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात हे सारं अजून येतं. १९७३च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. राज्य तगलं, पण ते काम सरकारने दिलं म्हणून मिळालेलं होतं. उद्या दिलं नाही तर दाद कुठे मागायची?

विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी हा प्रश्न कायद्यापर्यंत नेला. रोजगार हमी कायदा १९७७ साली झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत मिळालं नाही तर भत्ता द्यायचा, असं बंधन सरकारने स्वतःवर घालून घेतलं. पैशाची तजवीजही केली. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून आजही दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये व्यवसाय कर कापला जातो, त्याचं मूळ या हमीत आहे. गावाच्या संकटात शहराचा वाटा कायद्याने ठरवला गेला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. याच मजुरीतून पाझर तलाव, नालाबांध झाले. १९९०नंतर फळबागाही उभ्या राहिल्या.

आता ऋतूंचा भरवसा उरलेला नाही. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने हाताशी आलेला गहू, हरभरा, द्राक्षं झोडपली. अशा काळासाठी नवे कायदे हवेतच, पण कसे? २००९च्या भूजल कायद्यात शेतीसाठी साठ मीटरहून, म्हणजे साधारण दोनशे फुटांहून खोल विहिरीला मनाई आहे. मराठवाड्यात बोअर पाचशे फुटांखाली जातात. ज्याची विहीर शेजारच्या बोअरने आटली, त्याला अमुक दिवसांत अमुक मिळेलच, असा शब्द त्या कायद्याने दिलेला नाही. माझ्या मते हा कायदा तिथेच लुळा पडला.

उष्णतेच्या लाटेत दुपारचं काम थांबवा, असे आदेश निघतात. त्या दुपारची बुडालेली मजुरी कोण देणार, कोणत्या निधीतून आणि किती दिवसांत? हवामानाचा कोणताही नवा मसुदा विधिमंडळात येईल, तेव्हा आपल्या आमदाराला एवढं विचाराच.