सामर्थ्य ही अमानत आहे

शेजाऱ्याच्या हक्काविषयी बोलताना आपल्या डोळ्यांसमोर भिंतीला भिंत लागून असलेले घर येते. परंतु देशांनाही शेजारी असतात. शेजाऱ्याचे धान्य, इंधन वा पाणी अडविण्याचे सामर्थ्य ज्याच्या हाती आहे, त्याच्यावर इस्लाम कोणती जबाबदारी टाकतो?

हा प्रश्न महाराष्ट्रापासून दूरचा नाही. २९ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. देशात भाव चढले होते, हे खरे. मात्र तिचा फटका नाशिकच्या शेतकऱ्याला बसला, तसाच बांगलादेशातील सामान्य घराच्या चुलीलाही बसला. काही दिवसांतच दिल्लीत आलेल्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना यांनी विनोदाच्या सुरात सांगितले, की आपण स्वयंपाक्याला कांदा वापरू नकोस असे बजावले आहे. आधी कळविले असते तर बरे झाले असते. पुढच्याच वर्षी १४ सप्टेंबरला पुन्हा बंदी आली आणि कांद्याने भरलेले ट्रक सीमेवर अडकून पडले.

नेपाळचे उदाहरण याहून कठीण आहे. एप्रिल २०१५ च्या भूकंपातून तो देश सावरलाही नव्हता. २० सप्टेंबरला त्याने नवी राज्यघटना स्वीकारली आणि त्यानंतर सीमेवरील वाहतूक कित्येक महिने खोळंबली. इंधन व औषधे दुर्मीळ झाली. नेपाळने याला भारताची अघोषित नाकेबंदी म्हटले. भारताने तो आरोप नाकारून मधेशी आंदोलनाकडे बोट दाखविले. मधेशींचे गाऱ्हाणे खरे असले, तरी ज्या देशाला समुद्र नाही त्याची चूल शेजाऱ्याच्या रस्त्यावर अवलंबून असते, हे कोणालाच नाकारता येणार नाही. राज्यघटनेचे कलम लिहिताना लोकप्रतिनिधीला मतदाराआधी शेजाऱ्याची मर्जी पाहावी लागली, तर त्या मताचे मोल ते काय?

आता प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या चरित्राकडे वळू. यमामाचे सरदार सुमामा बिन उसाल (रजि.) यांनी इस्लाम स्वीकारल्यावर मक्केला जाणारे धान्य रोखले. ही तीच मक्का, जिच्या कुरैशांनी प्रेषितांच्या कुटुंबीयांना अबू तालिबच्या घाटीत सुमारे तीन वर्षे बहिष्कारात ठेवले होते. मक्केतील लोकांची उपासमार होऊ लागली, तेव्हा त्यांनी प्रेषितांनाच पत्र लिहून नात्याची आठवण दिली. प्रेषितांनी सुमामांना कळविले, की धान्य जाऊ द्या. कुरैशांशी वैर अद्याप संपलेले नव्हते. तरीही भूक हे शस्त्र म्हणून त्यांनी वापरले नाही.

कोणी म्हणेल, सरकारचे पहिले कर्तव्य आपल्या नागरिकांप्रती नाही काय? निश्चितच आहे. आपल्या घरातील लेकरे उपाशी ठेवून शेजाऱ्याला वाढावे, असे शरीयत सांगत नाही. म्हणूनच येथे विवेकाची गरज आहे. टंचाईमुळे हात आखडता घेणे वेगळे आणि शेजाऱ्याला वाकविण्यासाठी त्याची रसद तोडणे वेगळे. पहिल्यात निरुपाय असू शकतो, दुसऱ्यात जुलूम आहे. आणि निरुपाय असला तरी सूचना द्यावीच लागते. ज्या पक्षाकडून दगाफटक्याची भीती आहे, त्यालाही करार संपल्याचे उघडपणे कळवावे, अशी शिकवण सूरह अल-अनफालमध्ये आहे. जेथे संशयिताचा हा हक्क आहे, तेथे मित्र म्हणविणाऱ्या शेजाऱ्याचा किती मोठा असेल!

नांदेडकरांना हे समजावून सांगण्याची गरज नसावी. धर्माबाद तालुक्यातील बाभळी बंधाऱ्याचा वाद आपण वर्षानुवर्षे पाहिला. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ फेब्रुवारी २०१३ च्या निकालानुसार बंधाऱ्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडावे लागते. जायकवाडीसाठी वरच्यांकडे पाणी मागणारे आपणच बाभळीत वरचे ठरतो. दोन राज्यांच्या वर निदान न्यायालय आहे. दोन देशांच्या वर बलवानाचा हात धरणारे असे न्यायालय क्वचितच आढळते. तेथे त्याला आवरणारी गोष्ट एकच : आपल्यालाही हिशेब द्यावयाचा आहे, ही जाणीव.

आपल्या देशाला न्यायाची आठवण करून देणे म्हणजे देशाशी वैर नव्हे. भाऊ जुलूम करीत असेल तर त्याचा हात रोखणे हीच त्याची मदत, असे प्रेषितांनी सांगितले आहे. मात्र असे सांगणाऱ्याचे वर्तनही तसेच असले पाहिजे. अर्धापूरच्या केळीच्या बागांत कालव्याचे पाणी येते, तेव्हा पाटाच्या शेवटी कोणाचे तरी शेत असते. आपली पाळी संपताच दार सोडणारा शेतकरीच दिल्लीला शेजारधर्म सांगू शकतो. ज्याच्या पाटावर खालच्याची बाग वाळते, त्याने आधी आपले दार सोडावे. अल्लाह आपणा सर्वांना न्यायावर दृढ राहण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.