एकदंताच्या दारी उणे कोणी नाही

॥ श्री गणेशाय नमः ॥



सालाबादप्रमाणे यंदाही आपल्या मंदिरात श्रींची प्रतिष्ठापना झाली आहे. स्मरणिकेसाठी चार शब्द लिहा, असे कार्यकारिणीने सांगितले. दरवर्षी मी अथर्वशीर्षाचा महिमा किंवा एखाद्या संताचे चरित्र लिहितो. यंदा मात्र आधी एक कबुली द्यायची आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आरती ऐन रंगात आली होती. झांजा, टाळ, ढोलकी आणि दीडशे माणसांचा आवाज. त्या गजरात आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा कानांवर हात दाबून किंचाळू लागला, जमिनीवर लोळू लागला. मुलगा स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक होता. आईने त्याला कसेबसे उचलून बाहेर नेले. मागून कुणीतरी म्हणाले, "वळण लावायला नको का पोराला?" आरतीनंतर मी बाहेर गेलो. ती चपलांच्या रॅकपाशी बसली होती. धीर द्यावा म्हणून मी म्हणालो, "ताई, हे प्रारब्धाचे भोग. भोगूनच संपवायचे." ती काहीच बोलली नाही. मुलाच्या पायात बूट घातले आणि निघून गेली. पुढे ते कुटुंब मंदिरात दिसले नाही. सवड होत नसेल, असे मी मनाशी म्हटले आणि विसरून गेलो.

तीन वर्षांपूर्वी माझ्या पत्नीला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तिला उठवणे, न्हाऊ घालणे, भरवणे, रात्री दोनदा कूस बदलून देणे, सगळे माझ्यावर आले. मुलगा नोकरीनिमित्त दूरच्या गावी. एका स्नेह्यांनी फोनवर माझे सांत्वन केले, "काका, शेवटी ज्याचे त्याचे प्रारब्ध!" फोन ठेवला आणि मला चपलांच्या रॅकपाशी बसलेली ती माउली आठवली. वाक्य माझेच होते. ते ऐकणाऱ्याला कसे लागते, एवढेच मला ठाऊक नव्हते.

आठवड्याभरात दाराची बेल वाजली. दारात तीच ताई. एका हातात मऊ खिचडीचा डबा, दुसऱ्या हातात कागदांची जाडजूड फाईल. "काकूंना गिळायला त्रास असेल तर थेरपिस्टला विचारूनच भरवा हं," ती म्हणाली. मग खुर्ची ओढून बसली. "अटेंडन्स अलाउन्सचा अर्ज केलात का?"

मी म्हणालो, "सरकारपुढे हात पसरणे मला जमणार नाही. आमचे आम्ही निभावू."

"काका, इथे तुम्ही चाळीस वर्षे कर भरलात. ही भीक नव्हे. आणि उद्या तुम्हीच अंथरुणाला खिळलात तर काकूंना कोण बघेल?"

मला उत्तर देता आले नाही. प्रवचने मी देत आलो, पण त्या दिवशी श्रोता मी होतो.

तिने सांगितलेले इथे देतो, कारण आपल्यापैकी अनेक घरांत ते ठाऊक नाही. अटेंडन्स अलाउन्स हा भत्ता निवृत्तिवेतनाचे वय झालेल्या आणि आजारपणामुळे दुसऱ्याच्या मदतीची गरज असलेल्या व्यक्तीसाठी आहे. त्यासाठी बँकेतली शिल्लक किंवा मिळकत पाहत नाहीत. साधारणपणे सहा महिने तशी गरज असावी लागते. इंग्लंडमध्ये २०१४ च्या केअर ॲक्टप्रमाणे रुग्णाच्या गरजांची पाहणी करून घेता येते. तशीच सेवा करणाऱ्या घरच्या माणसाचीही वेगळी पाहणी कौन्सिलकडून होते. त्यातून काळजीवाहू बाईंची मदत किंवा तुम्हाला थोडी विश्रांती मिळण्याची वाट निघते. फॉर्म किचकट वाटला तर एज यूके किंवा सिटिझन्स ॲडव्हाइसची माणसे भरायला मदत करतात. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाचे नाव डॉक्टरांच्या सर्जरीतील खास नोंदीत असेल, तर चौदाव्या वर्षापासून दरवर्षी त्याची संपूर्ण आरोग्य तपासणी होते. ही नोंद करून घेण्यात कमीपणा मानू नका.

आता शास्त्राकडे वळतो. कर्मसिद्धांत खोटा आहे असे मी म्हणत नाही. पण तो आरसा आहे, त्यात आपण आपले तोंड पाहावे. तो दुसऱ्याच्या अंगावर फेकायचा दगड नव्हे. माझ्यावर दुःख आले तर मी प्रारब्ध म्हणून सोसावे. दुसऱ्यावर आले तर त्याच क्षणी ते माझे कर्तव्य होते. समोर माणूस बुडत असताना त्याच्या पूर्वजन्माचा हिशेब मांडत बसणाऱ्याचे स्वतःचे कर्म मात्र तिथे लिहिले जाते.

गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेडीची अपेक्षा नसलेल्याला, योग्य स्थळी, योग्य वेळी, कर्तव्य म्हणून दिलेले ते सात्त्विक. फळावर डोळा ठेवून दिलेले ते राजस. आणि मान न ठेवता, तुच्छतेने दिलेले ते तामस. म्हणजे देणगीचा चेक देताना "बिचारा" म्हणून नाक मुरडले, तर रक्कम कितीही मोठी असो, दान तामसच झाले!

आणि आपण ज्याची पूजा मांडली आहे, त्याचे रूप जरा नीट पाहा. मस्तक हत्तीचे, एक दात तुटलेला, पोट मोठे, वाहन इवलासा उंदीर. चारचौघांसारखे त्यात काय आहे? पृथ्वीप्रदक्षिणेची कथा आपण मुलांना सांगतो. कार्तिकेय मोरावर बसून भुर्रकन निघाला. गणराय त्या शर्यतीत धावू शकत नव्हते. त्यांनी आईवडिलांभोवती प्रदक्षिणा घातली आणि शिवपार्वतींनी तीच पूर्ण मानली. आपण या कथेत गणपतीची बुद्धी पाहतो. मला आता त्यात आईवडिलांचे मोठेपणही दिसते. सर्व लेकरांना एकाच मापाने मोजायचे नाही, हे त्यांना कळले होते.

सेवेचे मोठे वृक्ष बहुधा घरच्या दुःखातूनच उगवतात. या देशातली मेनकॅप ही संस्था १९४६ साली ज्यूडी फ्राइड या एका आईने सुरू केली. तिची मुलगी बौद्धिकदृष्ट्या अक्षम होती. नॅशनल ऑटिस्टिक सोसायटी १९६२ साली पालकांनीच उभी केली. अंधांसाठी काम करणाऱ्या आरएनआयबीचा पाया १८६८ साली डॉ. थॉमस आर्मिटेज यांनी घातला. त्यांची स्वतःचीच दृष्टी अधू होत चालली होती. आपल्या महाराष्ट्रात बाबा आमटे एकदा रस्त्यात पडलेल्या कुष्ठरोग्याला पाहून घाबरले आणि पळाले. मग त्या भीतीचीच लाज वाटून परत फिरले. त्या परत फिरण्यातून पुढे १९४९ साली वरोऱ्याजवळ आनंदवनाची सुरुवात झाली. तिथे भीक नव्हती, हाताला काम होते आणि कामातून मान होता. भीती बाबांनाही वाटली, तेव्हा आपल्याला वाटली तर नवल नाही. प्रश्न एवढाच की आपण परत फिरतो का.

मी उशिरा का होईना, फिरलो. त्या ताईंच्या घरी जाऊन हात जोडून क्षमा मागितली. ती म्हणाली, "काका, माफी राहू द्या. आम्हाला परत यायला जागा करा."

म्हणून यंदा कार्यकारिणीने ठरवले आहे की शनिवारी सकाळी शांत आरती होईल. झांजा नाहीत, माइक नाही, दिवे मंद. चाकाच्या खुर्चीसाठी बाजूच्या दारी उतार केला आहे. ज्यांना येणे शक्य नाही त्यांना प्रसाद घरी पोचवला जाईल. सेवा करणाऱ्या घरच्या माणसाला आठवड्यातून दोन तास मोकळीक मिळावी म्हणून स्वयंसेवकांची यादी करत आहोत. मात्र सद्भावना पुरेशी नसते. दुर्बल व्यक्तींसोबत काम करणाऱ्यांची आवश्यक ती डीबीएस तपासणी होईल, त्यात कुणी अपमान मानू नये. धर्मादाय संस्थेला देणगी देताना चॅरिटी कमिशनच्या यादीत तिचे नाव पाहा. कर भरत असाल तर गिफ्ट एडचा फॉर्म भरा, म्हणजे तुमच्या प्रत्येक पाउंडामागे संस्थेला २५ पेन्स अधिक मिळतात.

तालमीच्या शांत आरतीला तो मुलगा आला होता. आता तो माझ्या खांद्याएवढा झाला आहे. माझी पत्नी चाकाच्या खुर्चीत होती, तो तिच्या शेजारी येऊन बसला. दोघेही बोलले नाहीत. आरती संपेपर्यंत दोघे तिथेच होते. इतक्या वर्षांत मंदिरात मला एवढे समाधान क्वचितच लाभले असेल.

तुमच्या ओळखीतले कोणते घर अलीकडे मंदिरात दिसत नाही, ते आठवा. सवड नसेल, असे म्हणून विसरू नका. डबा घेऊन जा. उपदेश घरी ठेवून जा.

गणपती बाप्पा मोरया!

॥ श्रीगजाननार्पणमस्तु ॥