एकदाच चाललेली वाट

१ मार्च २०१८ रोजी नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातल्या एका तरुण आर्क्टिक कोल्हिणीनं आपलं जन्मस्थान सोडलं. संशोधकांनी तिच्या गळ्यात उपग्रहाशी जोडलेला पट्टा बांधला होता, म्हणून तिची वाट आज आपल्याला ठाऊक आहे. २६ मार्चला तिथलं स्पिट्सबर्गेन बेट मागे टाकून ती गोठलेल्या समुद्रावर उतरली. उत्तर ग्रीनलंडच्या हिमस्तरावर एका दिवसात तिनं १५५ किलोमीटर कापले. स्पिट्सबर्गेन सोडल्यापासून ७६ दिवसांनी, ३,५०६ किलोमीटर चालून ती कॅनडाच्या एल्समेअर बेटावर पोचली आणि तिथेच स्थिरावली.

मी भूमापक होतो. ही हकिगत वाचल्यापासून एक प्रश्न मला सोडत नाही: जिवाचा एखाद्या वाटेवरचा हक्क उपजतो कशातून?

आमच्या कायद्यात याचं उत्तर आहे. १८८२ च्या सुविधाधिकाराच्या कायद्यानुसार वीस वर्षं उघडपणे, बिनतक्रार, अखंड वापरलेल्या वाटेवर हक्क शाबीत होतो. दर नांगरटीला एकेक तास पुढे सरकत पाणंद गिळणाऱ्यासमोर गरिबाला हाच आधार असतो. वहिवाटीचं हे तत्त्व मला न्याय्य वाटत आलं आहे.

कोल्ह्यांच्या जगातही वहिवाट आहे. उन्हाळ्यात पिल्लं असताना जोडपं बिळाभोवतीचा मुलूख राखतं, मुताच्या वासानं आणि भुंकून हद्द सांगतं. आइसलँडच्या हॉर्नस्ट्रांडिरमध्ये कड्यांवर समुद्रपक्ष्यांची रेलचेल, म्हणून मुलूख लहान. जिथे भक्ष्य विरळ, तिथे तो पसरतो. कॅनडाच्या बायलट बेटावर बहुतेक प्रौढ कोल्हे हिवाळ्यातही मुलूख सोडत नाहीत. लेमिंग, म्हणजे त्यांचं भक्ष्य असलेले उंदरासारखे छोटे प्राणी, कमी झाले की समुद्रबर्फावर फेरी मारून परततात. त्या बर्फावर अस्वलानं टाकलेलं सीलचं उरलंसुरलं मिळतं. हे सारं नकाशावर रेघांनी दाखवता येईल.

त्या कोल्हिणीची वाट मात्र वहिवाटीत बसत नाही. ती वाट ती एकदाच चालली, आणि त्या एकदाच्या चालण्यानं तिला नवा मुलूखच नव्हे, नवं अन्नही मिळालं. समुद्रकाठच्या, लेमिंग नसलेल्या प्रदेशातून ती लेमिंगांच्या प्रदेशात गेली. ध्रुवाभोवतीच्या कोल्ह्यांचे वंश एकमेकांशी जोडलेले राहतात ते अशाच विरळ प्रवासांमुळे. वापर किती वेळा झाला यावर हक्क मोजला, तर तिचा हक्क शून्य भरेल. गरजेवर मोजला, तर त्या बर्फाइतकं तिचं दुसरं काहीच नव्हतं.

१९७९ पासूनच्या उपग्रहनोंदींत उन्हाळ्याअखेरचा आर्क्टिक समुद्रबर्फ घटत चाललेला दिसतो. तो वितळवणारे आपण कुणाच्या शेतात शिरलेलो नाही, कुणाची हद्द ओलांडलेली नाही. म्हणून अपराध कुठे नोंदवायचा, हे आपल्या न्यायबुद्धीला उमगत नाही.

मला वाटतं, इथे न्यायाची आपली कल्पनाच अपुरी पडते. जिवाचं घर म्हणजे तो आज जिथे राहतो तेवढी जागा नव्हे. अन्न आटलं, जागा उरली नाही, तर निघून जाता येईल ही शक्यताही त्या घराचाच भाग आहे. ती हिरावणं म्हणजे बेघर करणंच, मग बीळ शाबूत का असेना. अहिंसा म्हणजे मारू नये एवढंच आपण मानत आलो. दुसऱ्याची वाट तोडू नये, हेही तिच्यात यायला हवं. आणि ज्या वाटेनं अजून कुणीच गेलेलं नाही, तिच्याबद्दलही.