कच्चं बीज

अंडं हा शब्द आपल्या घरात सहसा कोणी उच्चारत नाही. मराठीत ‘स्त्रीबीज’ हा शब्द आहे, हे किती बरं! पण आता लेकीसुना मूल होण्याच्या उपचारांसाठी दवाखान्यात जातात आणि येताना त्या शब्दाला एक विशेषण जोडून आणतात: कच्चं.

आमच्या जामबागेत एका सुनेची बारा बीजं काढली, त्यातली चार कच्ची निघाली. सासूबाईंनी मला विचारलं, ती चार टाकून दिली, त्याचं पाप कोणाला?

प्रश्न खोटा नाही. नुसत्या बीजात जीव मानायचा का, याचा शास्त्रनिर्णय महाराजांनी द्यावा. मला दिसतं ते एवढंच, की शरीर स्वतःच बीजं जिरवत असतं. मुलगी जन्मते तेव्हा तिच्याजवळ दहा-वीस लाख बीजं असतात, वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात आणि पिकून बाहेर पडतात ती जेमतेम चारशे-पाचशे. ही सगळी ती आईच्या पोटात असतानाच तयार होतात, आणि अर्ध्या वाटेवर थांबतात. म्हणजे तुम्ही-मी ज्या बीजातून आलो, ते आजीच्या पोटात असलेल्या आईच्या अंगात होतं! वर्षानुवर्षं थांबलेलं बीज पाळीच्या चक्रात पुढे सरकतं. ज्याचा हा प्रवास अजून पुरा झालेला नाही, ते कच्चं. त्यात बाईचा दोष कुठे आला? तरी ‘हिची बीजंच कच्ची’ हे वाक्य स्वयंपाकघरापर्यंत पोचतंच. वचनानेही हिंसा होते, हे आपण पाठशाळेत शिकलोय ना?

उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येत प्रमाद आधी ठेवला, प्राणघात नंतर. मग प्रमाद कुठे होतोय ते पाहू या. एकाच वेळी बरीच बीजं पिकावीत म्हणून त्या सुनेला दहा-बारा दिवस रोज सुई. ‘पीसीओएस’ असलेल्या बायकांना तर अंडाशय सुजून पोटात पाणी होण्याचा धोका जास्त. चार बीजांची चौकशी झाली, या सुयांची कोणी केली नाही. बीज दान करणाऱ्या स्त्रीसाठी २०२१च्या कायद्याने मर्यादा घातली: आयुष्यात एकदाच, आणि सातांपेक्षा जास्त बीजं काढायची नाहीत. घरच्या सुनेची मर्यादा घरानेच ओळखायची.

कच्ची बीजं शरीराबाहेर पिकवताही येतात. रॉबर्ट एडवर्ड्स यांनी १९६५ मध्ये मानवी बीजं प्रयोगशाळेत पिकवून दाखवली, आणि १९९१ मध्ये कोरियातल्या डॉक्टरांनी अशा बीजातून झालेल्या जन्माची नोंद केली. बीज लहान असतानाच काढायचं आणि दीड-दोन दिवस प्रयोगशाळेत वाढू द्यायचं. सुया फार थोड्या, कधी अजिबात नाहीत. यश मात्र नेहमीच्या पद्धतीपेक्षा कमी, आणि सोय सगळीकडे नसते. म्हणून दवाखाने ती आपणहून सुचवतीलच असं नाही. बायांनो, आपणच विचारायचं. नवरा किंवा सासूबाई बरोबर असतील तर सुया किती दिवस घ्यायच्या, हे डॉक्टरांकडून त्यांनाही ऐकू द्या.