अंश, छेद आणि कडा

निवांत बसा. एक परिच्छेद वाचा, डोळे मिटा, मग पुढचा वाचा. घाई नको. आज आपल्यापुढे एक अपूर्णांक आहे.

नॉर्वेतला शेरागचा कडा डोळ्यांपुढे आणा. उंची सुमारे हजार मीटर, तळाशी फ्योर्डचं काळंशार पाणी. काठावर एक माणूस उभा आहे. पाठीवर एकच पॅराशूट, राखीव नाही. त्याला उडी मारू देऊ नका. थोडा वेळ तिथेच राहू द्या.

१९९५ ते २००५ या काळात या कड्यावरून मारलेल्या २०,८५० उड्यांची नोंद आहे. त्यांत ९ मृत्यू झाले.

आधी नुसता ९ मनात धरा. नऊ घरं दिसतील, नऊ रिकाम्या खुर्च्या. आता २०,८५० धरून बघा. निसटतो ना? सुखरूप उतरलेला माणूस पॅराशूट गुंडाळतो आणि निघून जातो. त्याची बातमी होत नाही. अंशाला चेहरा असतो, छेदाला नसतो. आपला अंदाज हुकतो तो इथेच.

भागाकार करा: २,३१७ उड्यांमागे एक मृत्यू. अमेरिकेतले प्राध्यापक रोनाल्ड हॉवर्ड यांनी असा धोका मोजायला ‘मायक्रोमॉर्ट’ हे एकक दिलं. दहा लाखांत एक मृत्यू म्हणजे एक मायक्रोमॉर्ट. इथली एक उडी सुमारे ४३० मायक्रोमॉर्टची.

एक दीर्घ श्वास घ्या. हा हिशेब एका उडीचा झाला. धोका दर वेळी तेवढाच धरला, तर शंभर उड्या मारणाऱ्यासाठी तो चोविसात एकाच्या आसपास येतो. नव्याण्णव वेळा नीट उतरलं की पुढच्या वेळी छातीतली धडधड कमी होते. धोका त्या धडधडीबरोबर कमी होत नाही.

आता काठावरच्या त्या माणसाकडे पुन्हा बघा. अपूर्णांक आहे तो सगळ्या उड्यांचा मिळून. माणूस मात्र पूर्णांक: त्याला दोन हजारावा भाग मरता येत नाही.

तो वाऱ्याचा अंदाज घेतोय. पट्टे चाचपतोय. समजा, आज त्याला वारा पटला नाही आणि तो आल्या वाटेने खाली चालू लागला.

त्याची पावलं ऐका. ती ना अंशात मोजली जातील, ना छेदात.